मॉड्यूल बसवून मिळणेबाबत

"पाऊणपट," तांडेल आजोबा म्हणाले.

"कशाची पाऊणपट?" निकम सरांनी विचारलं.

"तिथीची. आज चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. म्हंजे पहाटं तीनला भरती पूर्न. तीनात सा तास मिळवा, वर बारा मिन्टं. नऊ बाराला सुकती पूर्न. त्याच्या आदी दीड तास आनि मागनं दीड तास होडी चिखलात बसलेली. आता तुमीच सांगा, पोर साळेत यील कशी?"

निकम सर आमचे मुख्याध्यापक. मूळचे खटावचे. कोकणात येऊन त्यांना सात महिने झाले होते आणि समुद्राबद्दल त्यांचं मत अजून बनलेलं नव्हतं. त्यांनी हजेरीपट आजोबांपुढे सरकवला. आजोबांनी त्यावर नुसती नजर फिरवली आणि परत सरकवला.

आजोबा खाडीपलीकडे राहत आणि तिथली तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, चालवत. त्यांच्या मागे त्यांची नात प्रणिता चोगले उभी होती. इयत्ता दहावी, अ तुकडी. पायाला घोट्यापर्यंत चिखल वाळलेला. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. पहिल्या तासाची हजेरी होऊन गेली होती, म्हणजे त्या दिवशीही तिच्या नावापुढे लाल फुली पडली होती.

"एकशे चाळीस दिवस शाळा झाली," निकम सर म्हणाले. "ही हजर एकशे एक दिवस. बहात्तर टक्के. बोर्डाला पंच्याहत्तर लागतात. मंगळवारी सकाळी क्लार्क यादी घेऊन रत्नागिरीला जाणार. यादीत नाव नसेल तर मार्चला परीक्षा नाही."

"पन ती येती की रोज. उशिरा येती, पन येती."

"हजेरी पहिल्या तासाला होते, आजोबा. कारणासाठी सवलत द्यायचा अधिकार मला आहे. पण कारणाला पुरावा लागतो. उद्या बोर्डातला साहेब विचारेल, हिला कशावरून सवलत दिली? मी काय सांगू? तिथीवरून? ही शाळा आहे, देऊळ नाही."

"मी सांगतो ना सायबाला."

"तिथं आजोबा चालत नाहीत. कागद चालतो."

एवढा वेळ मी दारात उभा होतो. मी शिवलकर, गणित आणि विज्ञान शिकवायचो, आणि कोणीच घेत नव्हतं म्हणून संगणकाची खोलीही माझ्याकडे होती. मी बंदर खात्याचं भरती-ओहोटीचं छापील कोष्टक पुढे केलं. निकम सरांनी ते चष्मा लावून पाहिलं.

"हे रत्नागिरी बंदराचं आहे."

"हो सर."

"आपली खाडी रत्नागिरी बंदरात आहे का?"

"नाही सर."

"मग?" त्यांनी चष्मा काढला. "शिवलकर, शाळेची वेबसाइट आहे ना? तुम्ही आणि मुलं तिथं काय काय करत असता. त्यावरून आपल्या खाडीचं गणित काढा. शास्त्रीय. जूनपासून आजपर्यंत, तारीखवार. आणि छापून आणा. खाली पत्ता आला पाहिजे तो... डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू. गेल्या वर्षी एका प्रकरणात मी पाहिलंय. साहेबाने विचारलं, हे इंटरनेटवरचं आहे का? हो म्हटल्यावर पुढे बोलले नाहीत."

"कधीपर्यंत, सर?"

"सोमवारी दुपारपर्यंत. आणि जे काही कराल ते रीतसर करा."

ही २००५ सालची गोष्ट. संक्रांतीच्या आदल्या दिवसाची, म्हणजे गुरुवारची.

आमच्या शाळेला वेबसाइट होती, याचं कारण एक माजी विद्यार्थी. त्याने परदेशातून पुण्याच्या एका होस्टिंग कंपनीकडे आमच्या नावाने जागा घेऊन दिली, शाळेचा फोटो लावला आणि तो पुन्हा दिसला नाही. पुढची तीन वर्षं मी पर्ल या संगणकभाषेच्या एका पुस्तकाच्या झेरॉक्स प्रतीवरून शिकत गेलो आणि शिकेन ते चार मुलांना शिकवत गेलो. त्या चारात प्रणिता होती. ती फार बोलत नसे. पण एखादी ओळ का लिहिली हे तिला विचारलं, तर उत्तर तयार असायचं, आणि ते बहुतेक वेळा माझ्यापेक्षा बरं असायचं.

दुपारी आम्ही दोघं कामाला लागलो. भरती चंद्रावर अवलंबून. चंद्र कुठल्या दिवशी कुठे होता हे काढून देणारं एक पर्लचं मॉड्यूल होतं. जगातल्या कुठल्यातरी खगोलवाल्याने लिहून सगळ्यांसाठी ठेवलेलं. ते मिळालं की बाकी काम अर्ध्या दिवसाचं.

"मॉड्यूल म्हणजे नक्की काय, सर?" प्रणिताने विचारलं.

"आपल्या आधी कुणीतरी डोकं चालवून ठेवलेलं असतं. ते आपण वापरायचं. परत डोकं चालवायचं नाही."

"आणि ते सर्व्हरवर नसलं तर?"

"बसवून घ्यायचं."

इथे 'रीतसर' आडवं आलं. निकम सरांच्या शाळेत खडूची पेटी मागवायची तरी अर्ज लागे. मी ईमेल करतो म्हटलं. ते म्हणाले, ईमेलला जावक क्रमांक कुठे टाकणार? तेव्हा अर्ज लिहिला. 'मा. व्यवस्थापक साहेब यांस. विषय: सर्व्हरवर मॉड्यूल बसवून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर मॉड्यूल आपल्या सर्व्हरवर सोमवारपूर्वी बसवून मिळावे, ही विनंती.' निकम सरांनी पहिली 'विनंती' खोडली, सही केली, शिक्का मारला. जावक क्रमांक एकशे सत्त्याऐंशी. शिपाई बाळूने तो एसटीडी बूथवरून फॅक्स केला आणि पोच म्हणून बूथवाल्याची सही आणली.

शुक्रवारी संक्रांतीची सुट्टी होती. भरती बरी लागल्यावर प्रणिता आली आणि मी खोली उघडली. फोन स्पीकरवर टाकला, म्हणजे तिलाही ऐकू यावं.

"नमस्कार, सपोर्टमधून कौस्तुभ बोलतोय."

"मी शिवलकर. आमचा अर्ज मिळाला का? फॅक्स. जावक क्रमांक एकशे सत्त्याऐंशी."

"अच्छा, तो तुमचा होय! सर, तो आम्ही इथं बोर्डवर लावलाय."

"म्हणजे मंजूर झाला?"

"नाही, मंजूर असं नाही. पण सगळ्यांना आवडला."

"मग मॉड्यूल कधी बसेल?"

"नाही बसणार, सर. शेअर्ड होस्टिंग आहे ना. एका सर्व्हरवर चारशे साइट्स. तुमच्यासाठी एक गोष्ट बसवायची आणि दुसऱ्या कुणाचं तरी मोडायचं. मग तो आम्हाला फोन करणार."

"आमच्या शेजारी कोण आहे?"

"तसं सांगता येत नाही, सर." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "एक मंगल कार्यालय आहे, एवढं सांगतो."

"मंगल कार्यालयाला चंद्राचा काय त्रास होणार आहे?"

"सर, चंद्राचा नाही. त्या मॉड्यूलमध्ये अर्धा भाग सी भाषेतला आहे. तो आमच्या सर्व्हरवर घडवावा लागतो, आणि ते आम्ही कुणालाच करू देत नाही. तुम्ही एक करा. तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये हवं ते ठेवा. शुद्ध पर्लमधलं काहीही चालेल."

प्रणिता फोनकडे वाकली. "शुद्ध पर्ल म्हणजे कसं, दादा?"

"म्हणजे ज्याला बाहेरचं काही लागत नाही असं. स्वतःच्या पायावर उभं."

"मग त्याला तुमची परवानगी लागत नाही?"

"तुझ्या फोल्डरमध्ये तू काय ठेवतेस, मला कळत पण नाही. सर, तिळगूळ घ्या, गोड बोला."

मी गोडच बोललो आणि फोन ठेवला.

मुलांना एखादी गोष्ट समजावताना मी तिला जेवणाची जोड देतो, लक्ष लागतं. मी म्हटलं, "हे बघ. मी कोल्हापूरला बोर्डिंगात होतो. तिथं दोनशे मुलं आणि स्वयंपाकघर एक. आचाऱ्याच्या फडताळात आपली लोणच्याची बरणी ठेवायला बंदी. का? तर एकाची ठेवली की सगळ्यांच्या ठेवाव्या लागतील, आणि कुणाची तरी फुटली की तेल सगळ्यांच्या पिठात. पण आपल्या ट्रंकेत बरणी ठेवायला कुणाची ना नव्हती. फक्त वाढप्याला आधी सांगायचं, बाबा, लोणचं वाढताना पहिल्यांदा माझी ट्रंक बघ, तिथं नसलं तर तुझं फडताळ बघ."

"ती ओळ म्हणजे 'यूज लिब'," प्रणिता म्हणाली.

"ती ओळ म्हणजे 'यूज लिब'. आपलं फोल्डर म्हणजे ट्रंक."

"आणि हे चंद्राचं मॉड्यूल?"

"त्यात लोणचं आहे, पण त्याच्याबरोबर पाटा-वरवंटाही लागतो. आणि पाटा त्यांच्याच स्वयंपाकघरात छिन्नीने टाकी मारून घ्यावा लागतो."

"टाकी मारून देत नाहीत."

"देत नाहीत."

तरी आम्ही प्रयत्न केला. मी शाळेच्याच संगणकावर तो भाग घडवून घेतला आणि चढवला. मोडेमवरून चढायला पाऊण तास लागला. मग पान उघडलं. पांढऱ्या पडद्यावर पाचशे नंबरची चूक. इंटर्नल सर्व्हर एरर. या चुकीचा एक गुण आहे. ती कुणाचीही असो, मजकूर तोच येतो. आमचा संगणक वेगळ्या जातीचा, त्यांचा वेगळ्या. इथे टाकी मारलेला पाटा तिथे चालत नव्हता. मी दुसऱ्या प्रकाराने चढवला. पाचशे. एक जुनी आवृत्ती शोधली. पाचशे. संध्याकाळी शेवटची होडी गाठायला प्रणिता उठली तेव्हा आम्ही अकरा वेळा पाचशे पाहिलं होतं.

"सर, शनिवारी?"

"शनिवार-रविवार मला चिपळूणला प्रशिक्षण आहे गं. टाळता येत नाही." खोलीची किल्ली मी बाळूकडे ठेवली होती, ते तिला सांगितलं. "तू बस. आवृत्त्या बघ. काही नाही झालं तर सोमवारी मी निकम सरांशी बोलेन."

काय बोलणार होतो ते मला माहीत नव्हतं. तिलाही कळलं असावं. तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "सर, मॉड्यूल कुणीही लिहिलं तरी चालतं? मोठाच माणूस लागतो असं नाही ना?"

"कुणीही. बरोबर असलं म्हणजे झालं. आणि वर लिहिणाऱ्याचं नाव असावं, ही रीत आहे. उद्या चुकलं तर कुणाला विचारायचं ते कळतं."

हे मी सगळ्याच मुलांना सांगत असे. त्यात विशेष काही नव्हतं.

चिपळूणला दोन दिवस आम्हाला माउस कसा धरायचा ते शिकवलं. सोमवारी दहाच्या एसटीने मी शाळेत आलो. बाळू फाटकापाशीच भेटला.

"सर, पोरगी दोन दिवस ठाण मांडून होती. काल तर म्हातारापण आला होता. चपला बाहेर काढून बसला, खोलीत देव असल्यागत."

"काय करत होते?"

"म्हातारा पोथी वाचत होता. पोर टायपत होती. दिवे लागायच्या आत गेले. किल्ली ही घ्या."

म्हाताऱ्या माणसाला नातीसोबत बसून वेळ घालवायला पोथी बरी, असं मला वाटलं. मी वर गेलो. त्या दिवशी अष्टमी होती. अष्टमीला सकाळी साडेनऊची तर आरामात पार होते, त्यामुळे प्रणिता वेळेवर आली होती आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे हजेरीचा काळा ठिपका पडला होता.

"सर, मॉड्यूल बसलं," ती म्हणाली.

"कोणती आवृत्ती?"

"दुसरंच. शुद्ध पर्लमधलं. आपल्या ट्रंकेत."

तिने पान उघडलं. पाचशे आलं नाही. वर शाळेचं नाव, खाली आमच्या खाडीचं, आणि त्याखाली तक्ता. चौदा जूनपासून रोजची तारीख, पूर्ण भरतीची वेळ, पूर्ण ओहोटीची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात तर बंद असण्याची वेळ. ज्या दिवशी ती वेळ सकाळची पहिली तर आणि शाळेची घंटा दोन्ही झाकून टाकत होती, त्या ओळीपुढे एक चांदणी. मी हजेरीपट घेऊन ताडून पाहिलं. एकोणचाळीस फुल्यांपैकी तेहेतीस फुल्या बरोबर चांदण्यांवर पडत होत्या.

"आणि या सहा?"

"चार दिवस ताप होता. दोन दिवस जत्रा."

"जत्रेचे दोन सोडून दिले असतेस तर कुणाला कळलं नसतं."

"तेव्हा होडी चालू होती, सर," ती म्हणाली.

खरं तर मी तेव्हाच विचारायला हवं होतं की हे मॉड्यूल तुला मिळालं कुठे. पण साडेअकरा वाजले होते, प्रिंटर कागद खात होता, आणि सहा पानांच्या तळाशी डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू व्यवस्थित उमटत होतं. ती पानं घेऊन आम्ही निकम सरांकडे गेलो.

सरांनी प्रत्येक पान वाचलं. मग पाठकोरी बाजूही पाहिली.

"प्रणालीचं नाव काय? पत्रात लिहावं लागेल."

मी प्रणिताकडे पाहिलं.

"धर्मा, सर," ती म्हणाली.

"धर्मा. नाव चांगलं आहे. कुठलं?"

"भारतीय आहे, सर."

ते ऐकून निकम सरांना बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं आणि घड्याळ पाहिलं. "आजची ओहोटी किती वाजता दाखवतंय?"

"बारा वाजून बारा मिनिटं."

"चला. मी सही करण्याआधी डोळ्यांनी बघतो."

धक्का शाळेपासून दहा मिनिटांवर. आम्ही तिघं उन्हातून गेलो. पाणी खाडीच्या मधोमध एका पट्टीएवढं उरलं होतं, बाकी सगळा चिखल, आणि त्यावर खेकडे. तर एका अंगावर कलंडून बसली होती. तिच्यात तांडेल आजोबा पाय पसरून जाळ्याची गाठ मारत होते. त्यांनी उठायचा प्रयत्न केला. निकम सरांनी हातानेच बसा म्हटलं.

"आजोबा, आज पूर्ण ओहोटी किती वाजता?"

"मला कशाला इचारता, सायेब? मी आपला तिथीवाला." त्यांनी गाठ दाताने आवळली. "तुमचा संगनक काय म्हनतो?"

"बारा वाजून बारा."

आजोबांनी चिखलाकडे पाहिलं, मग पाण्याच्या पट्टीकडे, मग जरा वेळ सूर्याकडे.

"बरोबर बोलतो," ते म्हणाले. "हुशार दिसतो."

प्रणिता खेकड्यांकडे बघत होती.

निकम सर धक्क्याच्या पायरीवर घड्याळ धरून उभे राहिले. बारा दहा. बारा बारा. बारा पंधरा. पाण्यावर एक काडी तरंगत समुद्राकडे चालली होती ती थांबली. बराच वेळ तिथेच राहिली. आणि मग, इतकी हळू की आधी खरं वाटलं नाही, ती आमच्याकडे यायला लागली. निकम सर खटावचे. हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. ते आणखी एक पायरी खाली उतरले आणि काडी जवळून बघण्यासाठी होडीच्या काठाला हात टेकून वाकले.

तिथे फळीवर एक कॅलेंडर पडलं होतं. भिंतीवर लावायचं, रोजची तिथी लिहिलेलं. निकम सरांनी ते उचललं. चष्मा लावला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मला त्यांच्या खांद्यावरून एवढं दिसलं की प्रत्येक चौकोनात पेन्सिलीची बारीक खूण होती.

"गेल्या वर्षाचं कॅलेंडर?" ते म्हणाले. "हे कशाला ठेवलंय?"

"मासळी बांदायला," आजोबा म्हणाले.

निकम सरांनी ते परत फळीवर ठेवलं. पालथं ठेवलं. मग घड्याळ खिशात टाकलं आणि म्हणाले, "चला शिवलकर. पत्र तयार करा."

पत्र दीड पानी झालं. 'धर्मा या संगणकीय प्रणालीनुसार सदर विद्यार्थिनीच्या तेहेतीस दिवसांच्या अनुपस्थितीचे कारण नैसर्गिक असल्याचे निष्पन्न होते.' सही, शिक्का, जावक क्रमांक एकशे एक्याण्णव. यादीत एकशे बाविसावं नाव शाईने घातलं गेलं. प्रणिता प्रमोद चोगले.

पाचच्या सुमाराला ती होडीकडे गेली आणि मी संगणकाच्या खोलीत परत आलो. नवीन मॉड्यूल कसं लिहिलंय हे पाहिल्याशिवाय मला घरी जाववत नाही. सर्व्हरवरच्या आमच्या फोल्डरमध्ये 'लिब' नावाची ट्रंक होती आणि तिच्यात एकच फाइल. मी ती उघडली.

खगोलशास्त्र कुठेच नव्हतं. चंद्रही नव्हता. वर दोनशे अठरा ओळी होत्या. प्रत्येकीत एक तारीख आणि तिच्यापुढे एक ते तीसमधला एक आकडा. आदल्या साली अधिक श्रावण आला होता, तोही धरलेला. एका ठिकाणी एक तिथी दोन दिवस आली होती, ती दोन्ही दिवस तशीच ठेवलेली. हे दोनशे अठरा आकडे रविवारी दुपारभर कुणीतरी मोठ्याने वाचत गेलं होतं आणि कुणीतरी टायपत गेलं होतं, आणि बाळूला ती पोथी वाटली होती.

त्याखाली गणित. सगळं मिळून सात ओळी. आकडा घ्यायचा, पंधराच्या वर असेल तर पंधरा वजा करायचे. तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. सहा तास बारा मिनिटं मिळवायची. आधी दीड तास, मागे दीड तास. बाहेरचं काही लागत नव्हतं.

आणि सगळ्यात वर, रीतीप्रमाणे, रोमन लिपीत: 'लेखक: धर्मा गोविंद चोगले, तांडेल. चुकल्यास धक्क्यावर विचारावे.'

वीस वर्षं मी अधूनमधून त्या होडीतून ये-जा केली होती. सगळा गाव त्यांना तांडेलच म्हणे. त्यांचं नाव काय, हे विचारायचं माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निकम सरांच्या खोलीत गेलो. क्लार्क सातच्या गाडीने रत्नागिरीला निघून गेला होता. मी म्हटलं, "सर, त्या प्रणालीबद्दल थोडं बोलायचं होतं."

ते पूर्वपरीक्षेचे पेपर मोजत होते. वर न बघता म्हणाले, "प्रणालीचं काम झालं, शिवलकर. आता पोरीच्या भूमितीचं बघा. ती कच्ची आहे."

भूमिती खरोखरच कच्ची होती. मी ती बघितली. जूनमध्ये निकाल लागला; एकोणऐंशी टक्के.

बोर्डाकडून पत्राबद्दल कधी काही विचारणा झाली नाही. उलट त्याच वर्षी निकम सरांनी एक परिपत्रक काढलं की चांदणीच्या दिवशी खाडीपलीकडच्या मुलांची हजेरी तिसऱ्या तासाला घ्यावी. म्हणजे दरवर्षीच्या चांदण्या लागणार. तेव्हापासून नवं कॅलेंडर आलं की नववीची मुलं तिथ्या बसवू लागली. एकजण वाचणार, एकजण टायपणार. वाचायला बरीच वर्षं तांडेल आजोबाच येत. चपला बाहेर काढत.

पुढे एकदा होस्टिंग कंपनीने सर्व्हर बदलला. कौस्तुभचा फोन आला. म्हणाला, "सर, नव्या सर्व्हरवर निम्म्या लोकांची पानं बंद पडलीत, मॉड्यूलं सापडत नाहीयेत. तुमचं काय बंद पडलंय?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"आमचं ट्रंकेत आहे," मी म्हणालो. मग मंगल कार्यालयाचं विचारलं. ते बंद पडलं होतं.

निकम सर २०१२ साली निवृत्त झाले. आजोबा त्याच्या आदल्या पावसाळ्यात गेले होते. समारंभाला प्रणिता पुण्याहून आली, नारळ दिला, पाया पडली आणि गाडीसाठी लवकर निघाली. सर्वांची भाषणं झाली. माझंही झालं, मी त्यांच्या शिस्तीबद्दल बोललो. शेवटी चहाच्या वेळी आम्ही दोघंच व्हरांड्यात उरलो. समोर खाडी भरत आली होती.

"शिवलकर," निकम सर म्हणाले, "ते कॅलेंडर आहे का हो अजून?"

"कुठलं, सर?"

त्यांनी चहा बशीत ओतला. फुंकर घातली.

"मासळी बांधायचं," ते म्हणाले.